पुढे वाहतूक संथ

चावी कुलपातच लटकत ठेवून ती आत शिरली.

"बाबा, चला. गाडी खालीच लावलीय."

वाक्य पुरं व्हायच्या आतच तिला कळलं, की आपण रिकाम्या घराशी बोलतोय. खिडकीजवळच्या खुर्चीत सासऱ्यांच्या पाठीचा खळगा पडलेली उशी होती. त्यांचा मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलेला होता. तिने न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं, गॅलरीत डोकावली, आणि उगाचच पडद्यामागेही पाहिलं. मग दाराशी परत येऊन चपलांच्या फळीकडे नजर टाकली. त्यांचे बूट जागच्या जागी होते. तिच्या जांभळ्या रबरी चपला मात्र नव्हत्या.

डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. बुटाच्या नाड्या बांधायच्या म्हणजे वाकावं लागणार. म्हणून पायाला जे लागलं, ते सरकवून म्हातारा बाहेर पडला होता.

आदल्याच दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि ती आज सकाळी दवाखान्यात जाऊन सोडायची होती. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तर केव्हाचाच पिकलेला. त्या डोळ्याने त्यांना माणूस दिसायचा, माणसाचा चेहरा नाही. अशा माणसाला घरी एकटं ठेवून ती टॅक्सी घेऊन निघाली होती. निघताना म्हणाली होती, "एक भाडं सोडून येते, मग जाऊ. तुम्ही हलू नका. आणि दुसऱ्या कुणी गाडीत बसा म्हटलं, तरी बसायचं नाही." भाडं निघालं लांबचं. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

खाली जिन्याच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. तो मशीनवर वाकून बाही जोडत होता.

"आमचे बाबा दिसले का हो?"

"गेले की मघाशीच," शिंपी सुईवरची नजर न काढता म्हणाला. "मी म्हटलं, काका, थांबा, सून येईल. तर म्हणाले, ती येतेच आहे मागून, मी होतो पुढं. पायात लेडीज चपला बघून हसू आलं मला. बोललो नाही काही."

"कुठल्या बाजूला गेले?"

शिंप्याने मान वर केली आणि तिचा चेहरा पाहून मशीन थांबवलं.

"ते नाही बघितलं गं."

दवाखाना बाजाररस्त्याने गेलं तर फार लांब नाही. तिने गाडी काढली आणि कडेकडेने, प्रत्येक दुकानाच्या पायरीवर नजर टाकत दवाखाना गाठला. तिथल्या बाईने वहीत पाहायचीही तसदी घेतली नाही. पट्टीवाले कोणी आजोबा आलेले नाहीत, म्हणाली. ती उलट फिरली आणि बाजाररस्ता पुन्हा पालथा घातला. फळवाला, चावीवाला, बसथांब्यावरच्या दोन कॉलेजच्या मुली, कुणीच पाहिलेलं नव्हतं.

नवऱ्याला फोन लावला. तो शीतगृहात कामाला, आत फोन चालत नाही. लावून उपयोग नाही हे ठाऊक असून लावला. तो ठेवला तर लगेच नणंदेचा आला.

"वहिनी, सोडली का पट्टी? दिसतंय का बाबांना?"

"अजून नाही. जातोय आता."

"अजून नाही? अगं, सकाळची वेळ दिलेली ना त्यांनी? दे बाबांना फोन."

"गाडी चालवतेय, ताई. पोचल्यावर लावते."

"तुझी गाडी काही थांबायची नाही," नणंद म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यात टोमणा किती आणि माया किती, हे एरवी तिने तोलून पाहिलं असतं. आज तिने नुसता फोन खाली ठेवला.

मग तिने स्टँडला हाक दिली.

स्टँडवरच्या सगळ्या टॅक्सींचं बोलणं एकमेकींत ऐकू येईल अशी सोय होती. बोलायचे सगळेच, पण ऐकायचं ते मास्तरांचं. मास्तर पूर्वी गाडी शिकवायचे. अजूनही दुसऱ्याच्या गाडीत बसले, की त्यांचा पाय आपसूक ब्रेक शोधायचा.

"मास्तर, आमचे सासरे निघून गेलेत. एकटेच, चालत. एका डोळ्याला पट्टी आहे आणि दुसऱ्यानं धड दिसत नाही."

"अंगात काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पांढरा सदरा. पायात माझ्या जांभळ्या चपला."

कुणीतरी खुसकन हसलं. मास्तर त्याच्यावर खेकसले. मग म्हणाले, "आम्ही निघतो. तू हातपाय गाळू नकोस. बाजाराची बाजू आम्ही बघतो, तू नदीकडची बघ."

नदीकडे वळणाऱ्या चौकात सिग्नल लाल होता. ती थांबली. समोरच्या पडद्यावर शहराचा नकाशा हिरव्या रेघांनी भरला होता. हल्लीच्या गाड्या आपापसात बोलतात. माझा वेग एवढा, इथे मला ब्रेक मारावा लागला, इथे मी उभीच आहे, असं पुढची गाडी मागचीला सांगते, मागची तिच्या मागचीला. नळावरची बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागेल, पण हिला लागत नाही. त्यावरून रस्ता हिरवा की नारिंगी की लाल ते ठरतं, आणि मग एक बाईचा आवाज कुठून जायचं ते सांगतो. त्या आवाजाला स्टँडवर सगळे मावशी म्हणायचे.

"बायपासवर पुढे वाहतूक संथ," मावशी म्हणाली. "पर्यायी मार्ग सुचवत आहे."

एरवी तिने ऐकून सोडून दिलं असतं. बायपासला जायचंच नव्हतं. पण सिग्नल लांबला, आणि नजर दुसरीकडे कुठे ठेवावी हे सुचेना म्हणून ती पडद्यावर ठेवली. लांब हिरव्या रेघेवर बोटाच्या पेराएवढा नारिंगी तुकडा होता. त्याच्या पुढे हिरवं, मागे हिरवं.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. तिने गाडी कडेला घेतली आणि परत पडद्याकडे पाहिलं. तुकडा मघाच्या जागी नव्हता. थोडा पुढे सरकला होता.

गर्दी कशी होते हे तिला तोंडपाठ होतं. गाडी बंद पडली, की नारिंगी एका जागी बसतं आणि मागे मागे वाढत जातं. रस्ता खोदला असेल तर दिवसभर तसंच राहतं. हे मात्र वाढत नव्हतं, बसतही नव्हतं. झाडाच्या फांदीवरून सुरवंट चालावा, तसं चाललं होतं. त्या जागी आलेली प्रत्येक गाडी तेवढ्यापुरती हळू होत होती, काहीतरी चुकवत होती आणि पुन्हा पळत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "बायपासवर ते नारिंगी दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय. असेल एखादा ट्रॅक्टर. आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?"

"ट्रॅक्टर एवढा हळू नसतो, मास्तर."

"मग?"

बायपास त्यांच्या वसाहतीच्या मागूनच जात होता. मधल्या कुंपणाला एका ठिकाणी भोक होतं. आणि तो रस्ता तिच्या सासऱ्यांनी दाबलेला होता. आयुष्यभर त्यांनी रोलर चालवला. खडी टाकून झाली, वर डांबर पडलं, की ते आपला रोलर घेऊन पुढे मागे, पुढे मागे करत बसायचे. रोलर हातात मिळायच्या आधी तर ते त्याच्या पुढे लाल फडकं धरून चालणारे होते. रस्ता तयार झाला, की रोलर पुढच्या कामावर जायचा. तो रस्ता वाहतुकीला उघडायचे ते नंतर कधीतरी. म्हणजे ज्या रस्त्यांना त्यांनी जन्म दिला, त्या रस्त्यांवर त्यांनी कधी गर्दी पाहिलेली नव्हती. ते रस्ते त्यांच्या डोक्यात रिकामेच होते आणि त्यांच्या मधोमधच चालायचं असतं. दवाखान्याला जायचा सगळ्यांत सरळ रस्ताही तोच होता, बोगद्यातून.

बोगदा आठवला, तसा तिने नकाशा बोटांनी मोठा केला.

नकाशावर बोगद्याचं तोंड एका बारीक काळ्या कमानीने दाखवलं होतं. नारिंगी तुकडा त्या कमानीच्या दिशेने चालला होता. उजेडात लोक त्यांना लांबून पाहत होते, म्हणून हळू होत होते. आत अंधारात कोण पाहणार? उन्हातून एकदम आत शिरलेल्या ड्रायव्हरला आधी काहीच दिसत नाही, हे तिला रोजचं माहीत होतं. आणि जुने ट्रक तर कुणाशी बोलतही नाहीत, कुणाचं ऐकतही नाहीत.

"मास्तर, ते आमचे बाबा आहेत," ती म्हणाली. "तो जो तुकडा सरकतोय, ते बाबा आहेत. बोगद्याकडे चाललेत."

मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "अरे देवा." आणि लगेच त्यांचा शिकवायचा आवाज परत आला. "बायपासच्या जवळ कोण कोण आहे? नावं नकोत, हो म्हणा."

तीन हो आले. चौथा जरा उशिराने आला, स्टँडवर ज्याला सगळे बुटका म्हणायचे त्याचा.

"मावशी काय सांगेल ते ऐकू नका. वर चढा. त्यांच्या मागं जाऊन दोन्ही पट्ट्यांवर आडवे व्हा, आणि माणूस चालतो तसे चाला. मागून एकही गाडी पुढं जाता कामा नये. हॉर्न मारतील, शिव्या देतील, घ्या खाऊन. मीही येतोय."

तिने गाडी वळवली. बायपासला चढायचा रस्ता अजून दूर होता. मावशी म्हणाली, "पुढे वाहतूक संथ. परत वळा." ती पुढेच गेली. मावशी पुन्हा तेच म्हणाली, तशीच शांतपणे, जराही न रागावता. दुसऱ्या वेळी तिने आवाज बंद केला.

डोळे रस्त्यावर ठेवायचे होते, पण ते सारखे पडद्यावर जात होते. नारिंगी तुकडा तसाच होता, कमानीच्या आणखी जवळ. मग त्याच्या मागच्या टोकाला लाल ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ मागे वाढत गेली, फाट्यापर्यंत पोचली. आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं. त्या लालीची बातमी गाडीगाडीतून मागे पसरली, आणि बायपासकडे येणाऱ्या गाड्या एकेक करून दुसरीकडे वळू लागल्या. मोठ्या चौकातली वाहतूक नदीच्या रस्त्याला लागली. समोरच्या गाडीने फाट्यावर येताच दिवा दाखवून तोंड फिरवलं, तिच्या पुढचीनेही. चढावर तिची एकटीची गाडी उरली.

इतकी वर्षं टॅक्सी चालवून नकाशावरची लाल रेघ पाहिली, की तिचं कपाळ दुखायचं. आज ती रेघ तिला धरून ठेवावीशी वाटली.

"मास्तर, दिसले का?"

"दिसले," मास्तर म्हणाले. "अगदी मजेत चाललेत. रस्त्याच्या मधोमध. हातात रुमाल धरलाय उंच. मी शेजारी गाडी घेतली, म्हटलं, काका, बसा. तर म्हणतात, सुनेनं कुणाच्या गाडीत बसू नको सांगितलंय."

"तुम्ही स्टँडचे आहात म्हणून सांगा की."

"सांगितलं. म्हणाले, तसं कुणीही सांगेल."

बुटका मधेच म्हणाला, "ताई, मी पण विचारलं. मला म्हणाले, गाडी नीट चालव, अंगावर आणू नकोस."

ती हसली. डोळे भरून आले होते आणि रस्ता पुसट दिसत होता, तरी हसली.

"मास्तर, बोगदा किती लांब आहे?"

"आहे थोडा. आत शिरलेच, तर आम्ही दिवे लावून मागं आहोतच. तू सावकाश ये. पळवत आणू नकोस गाडी. समजलं?"

"समजलं."

ती पळवतच गेली. रांगेचं शेपूट दिसलं तशी कडेच्या मोकळ्या पट्टीवरून पुढे काढली. लोक काचा खाली करून ओरडत होते. एक जण गाडीच्या टपावर हात आपटत होता. रांगेच्या तोंडाशी आपल्या स्टँडच्या पिवळ्या टॅक्सी तिला दिसल्या, दोन्ही पट्ट्या अडवून मुंगीच्या पावलाने चाललेल्या. मास्तरांनी खिडकीतून हात काढून तिला वाट दिली. आणि पुढे, रिकाम्या रस्त्याच्या बरोबर मधोमध, पांढरा सदरा. काठी नाही, घाई नाही. जांभळ्या चपलांची चटक फटक तिला बंद काचेतूनही ऐकू आल्यासारखी वाटली. बोगद्याची सावली त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर पडली होती.

तिने गाडी त्यांच्या पुढे नेऊन कडेला लावली आणि उतरून धावत गेली. दंडाला धरल्यावर ते थांबले. पट्टी जागेवर होती, कोरडी होती. तिने आधी तेच पाहिलं.

"आलीस का," ते म्हणाले. "किती उशीर केलास."

"भाडं लांबचं निघालं, बाबा."

"मला वाटलंच. म्हटलं, आपण होऊ पुढं, वाटेत गाठशील."

ती काय काय बोलणार होती. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यांचा हात तिच्या हातात उन्हाने तापलेला होता, आणि बाकी काही सुचेना.

"असं मधून चालतात का, बाबा? हा बायपास आहे. गाड्या काय वेगानं येतात इथं."

"मधूनच चालायचं असतं. कडेनं चालणाऱ्याकडे कोण बघतं? सुरुवातीला येत होत्या खऱ्या गाड्या. मी रुमाल धरला वर. मग कमी होत गेल्या. मग बंदच झाल्या. तेव्हा म्हटलं, बरं झालं, रस्ता बंद आहे अजून." त्यांनी मान वळवून मागच्या धूसर पिवळ्या आकारांकडे पाहिलं. "हे एवढे कोण लागलेत मागं?"

"आमच्या स्टँडचे आहेत."

"खरंच आहेत का? मला वाटलं, लबाड बोलतात."

तिने त्यांना धरून गाडीत बसवलं, डोकं चौकटीला लागू नये म्हणून वर हात ठेवला, पट्टा लावला. मास्तर लांबूनच पाहत होते. तिने आपल्या जागेवर बसून दार ओढलं आणि म्हणाली, "मास्तर, झालं. बसले ते. आता सोडा सगळ्यांना."

"सोडतो. मागं अर्धं गाव उभं आहे, आम्हाला मारायला टपलंय." मग जरा थांबून, "डोळा बरा आहे ना?"

"बरा आहे."

पहिली टॅक्सी मास्तरांची गेली. मग बुटक्याची. बुटक्याने जाताना आत वाकून पाहिलं आणि हात कपाळाशी नेऊन सलाम केला. सासऱ्यांना ते दिसलं नाही. त्यांच्यामागून खोळंबलेल्या गाड्या सुटल्या, आधी रेंगाळत, मग वेग घेत. त्यांच्या वाऱ्याने टॅक्सी हलू लागली. नकाशावरची लाल रेघ पुढच्या टोकाकडून विरघळायला लागली होती.

फोनवर नणंदेचं नाव उमटलं. तिने उचलून एवढंच सांगितलं, "ताई, निघालोय दवाखान्यात. बाबा शेजारी बसलेत. हो, अगदी ठीक आहेत." या वेळी त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

सासऱ्यांनी कान खिडकीकडे लावला होता.

"हा ट्रक होता," ते म्हणाले. "चांगलाच भरलेला. उसळला नाही बघ कुठं."

"नाही उसळला."

"हा दुसरा. ऐकलंस? नुसता घासत गेला." त्यांनी काच खाली करायला चाचपून बटण शोधलं. तिने आपल्या बाजूने काच उतरवून दिली. आवाज आत घुसला. ते हातातला रुमाल मांडीवर पसरून स्वस्थ ऐकत राहिले. इतका वेळ बंद असलेला रस्ता आत्ता उघडलाय, आणि आपण त्याच्या कडेला बसलोय, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एकामागून एक गाड्या जात राहिल्या.

"चल की आता," शेवटी तेच म्हणाले. "डॉक्टर वाट बघत असतील."

"दोन मिनिटं, बाबा."

"का? काय झालं?"

"तुम्ही ऐका की अजून थोडं," ती म्हणाली. चावी फिरवण्याइतका हात स्थिर झाला नव्हता. तिने दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले.